सतराव्या रकान्यातली ओळ

अण्णासाहेबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडायला गेले, तर कचरूकाका आधीच पायरीवर बसलेले होते. पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पायांत पॉलिश केलेले काळे बूट. अण्णासाहेब माझे सीनियर. जालन्याच्या कोर्टात त्यांनी चाळीस वर्षं फौजदारी वकिली केली आणि त्यातली तीस वर्षं कचरूकाका त्यांच्या फाइली-तारखा सांभाळणारे मुनशी होते. मला वाटलं, काका चाव्या द्यायला आले असतील. मी तरी त्याच विचाराने आले होते. फाइली पक्षकारांना परत करायच्या, जागा घरमालकाच्या ताब्यात द्यायची आणि भावाकडे संभाजीनगरला निघून जायचं.

काकांनी चाव्या दिल्या. मग पिशवीतून डायरी काढून म्हणाले, "आज सेशनला दोन तारखा हायेत, ताई. पहिल्या केसचा पुकारा अकराला होतो. चला."

मी गेले. त्या दिवशी गेले, दुसऱ्या दिवशीही गेले, आणि आज दहा वर्षं झाली तरी जातेच आहे. दारावर पाटी राजनंदिनी या माझ्या नावाची लागली, पण पुष्कळ दिवस लोक ऑफिसला 'कचरूभाऊचं ऑफिस' म्हणूनच ओळखायचे.

काका बदनापूरचे. रोज सकाळच्या पॅसेंजरने जालन्याला यायचे आणि स्टेशनपासून कोर्टापर्यंत पायी. त्यांच्या आधीची दोन भावंडं दगावली होती, म्हणून आईने त्यांचं नाव कचरू ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे मरण वळून बघत नाही, अशी तिची समजूत. नवे वकील नाव ऐकून गालातल्या गालात हसायचे. काकांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, नाव ठेवणारीचं काम झालं, मी अठ्ठावन्न वर्षांचा होऊन बसलोय.

तेव्हाचं कोर्टाचं आवार आता डोळ्यांसमोर आणलं तर आधी आवाज येतात. लिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसलेले तीन-चार जण, त्यांची खटखट, पट्टेवाल्याचा पुकारा, कँटीनच्या स्टोव्हची घरघर. आणि काकांच्या हाताला येणारा लाखेचा आणि कार्बन पेपरचा वास. कागद हातात पडला की काका बोलायचे थांबत. त्यांना मध्येच काही विचारलं तर ते बोट ओळीवर तसंच ठेवून उत्तर देत आणि पुन्हा तिथूनच वाचू लागत. शिक्षण मॅट्रिक, पण कोर्टाचं इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच समजायचं.

ज्या केसने मला वकील केलं, ती २०१६ची. भोकरदन तालुक्यातल्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच नांदतात. नोव्हेंबरातल्या एका सकाळी तातेराव नावाचे पन्नाशीचे शेतकरी स्वतःच्या शेतात, विहिरीपाशी मेलेले सापडले. डाव्या कानशिलावर खोल जखम होती. आदल्या संध्याकाळी बांधावरून त्यांचं आणि शेजारच्या शेतातल्या अंगदचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दोघं भावकीतलेच. अंगद सत्तावीस वर्षांचा, तापट. चार माणसांदेखत तो म्हणाला होता, "उद्या दाखवतो तुम्हाला." आणि दुसऱ्या दिवशी तो गावात नव्हता. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला वडीगोद्रीला मामाच्या घरून उचललं. त्याच्या घरामागे कडब्याची गंजी होती, तिच्यातून रक्त लागलेला शर्ट निघाला. ओसरीतून कुऱ्हाड जप्त झाली.

दोषारोपपत्र आलं तेव्हा अंगदची आई, उषाबाई, आमच्याकडे आली. खुर्ची दिली तरी खालीच बसली. माझ्या पोरानं न्हाई केलं, एवढंच दोन-तीनदा म्हणाली. आया असं म्हणतातच, म्हणून मी ते ऐकून सोडून दिलं. काकांनी तिला पाणी दिलं, शेतात यंदा काय पेरलंय ते विचारलं, आणि ती बोलती झाल्यावर बाहेर नेऊन चहा पाजला.

मी कागद वाचले. प्रयोगशाळेचा अहवाल म्हणत होता की शर्टावर माणसाचं रक्त आहे आणि त्याचा गट बी. तातेरावांचा गट बी, अंगदचा ए. म्हणजे रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं. कुऱ्हाडीवर रक्त आढळलं नव्हतं. पोलिसांचं म्हणणं, त्याने ती धुतली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांच्या पत्राला उत्तर दिलं होतं की कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, अशी जखम होणं शक्य आहे. भांडण, धमकी, पळून जाणं, शर्ट आणि डॉक्टरांचं मत. साखळी तयार होती.

पण मला त्या साखळीतली एक कच्ची कडी सापडली. जप्तीच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की शर्ट कागदात गुंडाळून लाखेने मोहोरबंद केला. प्रयोगशाळेने मात्र पाकीट 'दोऱ्याने बांधलेले' मिळाल्याचं नोंदवलं होतं. लाखेचा उल्लेखच नाही. शिवाय शर्ट जप्त झाल्यावर पंचवीस दिवस ठाण्यातच पडून होता. म्हणजे तो शर्ट कुणी हाताळला, कुठे ठेवला, कशाचाच भरवसा नाही. शर्ट गेला की विज्ञान गेलं. मग राहिलं एक भांडण. वर डॉक्टरीण नवी. नोकरीला लागून चार महिने झालेले, तोवर सगळी मिळून अकरा शवविच्छेदनं केलेली. तिला साक्षीत मोडायचं, तिचं मत पाडायचं, आणि अंगदच्या तोंडून फक्त एवढंच यायचं की मला काही माहीत नाही, मी तिथे नव्हतो. बचाव स्वच्छ दिसत होता. मी खुशीत होते.

काकांनी दोषारोपपत्राची प्रत शनिवारी घरी नेली. सोमवारी आले ते बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच शवविच्छेदनाचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि सतराव्या रकान्यावर बोट टेकवलं. अंगावरच्या जखमा त्या रकान्यात लिहितात. तिथे डॉक्टरांच्या बारीक अक्षरात होतं: गोल जखम, व्यास तीन सेंटीमीटर, हाड आत दबलेलं. आणि त्याखाली एक ओळ: जखमेच्या कडेला व केसांत काळसर तेलकट पदार्थ.

मी ती ओळ वाचली होती. तेल म्हणजे डोक्याला लावलेलं तेल, असं मी धरून चालले होते.

"डोक्याचं तेल काळं नसतं, ताई," काका म्हणाले. "हे वंगण हाय. इंजिनचं."

मग त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. त्यांचं ते मनगट वाकडं आहे हे मी सहा-सात वर्षं पाहत होते. कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती. वडिलांनी कळप विकून विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवलं. ते हँडल मारून चालू करायचं. इंजिनने पेट घेतला की हँडल आपोआप सुटून हातात यायला हवं. पण आतली खाच झिजली की ते सुटत नाही. इंजिनबरोबर गरगरा फिरतं आणि मग उडतं. काका तेव्हा दहावीत होते. हँडल मनगटावर बसलं. हाड नीट जुळलं नाही, नांगराला, खुरप्याला हात चालेना, म्हणून वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं. डाव्या हाताची दोनच बोटं चालायची, त्यांवर ते टायपिंग शिकले आणि कोर्टात आले.

"माझं मनगट व्हतं म्हणून मी वाचलो," ते म्हणाले. "कानशील असतं तर न्हाई."

मी म्हटलं, काका, हा अंदाज झाला. आणि आपल्याला खून कसा झाला हे सांगायचं नाहीये, आपल्या माणसावर तो शाबित होत नाही एवढंच सांगायचंय. ते बरोबर आहे म्हणाले. मग म्हणाले, "पण त्या डॉक्टरीणबाईंना मोडू नका. त्यांनी बघितलं ते लिवलंय. त्यांना मोडलं तर ही ओळबी मोडंल."

त्या आठवड्यात आम्ही जेलमध्ये अंगदला भेटलो. त्याआधी दोनदा मी त्याला भेटले होते आणि दोन्ही वेळा त्याने मी तिथे नव्हतोच असं सांगितलं होतं. काकांनी त्याला खुनाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या शिवारातला डीपी कधी जळाला व्हता?"

डीपी म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर; तो जळाल्याचं काकांना उषाबाईने चहा पिताना सांगितलं होतं. अंगद चपापला. म्हणाला, तवा आठ दिवस झाल्ते.

"मंग लाइट न्हाई, तर तातेराव हरभऱ्याला पाणी कशानं देत होते?"

त्याने जाळी दोन्ही हातांनी धरली. मग म्हणाला, "इंजिन काढलं व्हतं त्यांनी जुनं." आणि त्यापाठोपाठ सगळंच बाहेर आलं. त्या सकाळी नऊच्या सुमाराला तो शेतात गेला होता. भांडायलाच गेला होता, हे त्याने कबूल केलं. शेजारच्या शेतात इंजिन दोन-तीनदा फुरफुरलं आणि बंद पडलं. नंतर काही आवाज नाही. बांधावरून पाहिलं तर तातेराव इंजिनशेजारी आडवे. तो धावला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाटातलं पाणी ओंजळीने तोंडाला लावलं. मान कलंडली तेव्हा त्याला कालची धमकी आठवली. आपण एकटेच, अंगावर रक्त, काल चार माणसांनी ऐकलेलं. तो पळाला. शर्ट गंजीत खुपसला आणि मामाच्या गावाची वाट धरली.

"पोलिसांना का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं व्हतं, मॅडम. कुणी लिवून घेतलं न्हाई."

 माझ्यासमोर आता दोन वाटा होत्या आणि दोन्ही एकदम चालता येत नव्हत्या. मोहोरेवरून शर्ट फेकून द्यायचा, तर अंगद तिथे नव्हताच असं धरायला लागेल. मग इंजिनची गोष्ट सांगायला कोण? आणि इंजिनची गोष्ट सांगायची, तर आधी मान्य करावं लागेल की तो तिथे होता, रक्त तातेरावांचं आहे, शर्ट त्याचाच आहे. सरकारी वकिलांना जे धडपडून शाबित करायचं होतं, ते मी आपल्या हाताने त्यांना देणार. न्यायाधीशांना अपघात पटला नाही, तर जन्मठेप.

ऑफिसात आल्यावर मी काकांवर चिडले. म्हटलं, तुम्ही मुनशी आहात, फाशी-जन्मठेपेची जबाबदारी माझ्यावर आहे. ते शब्द मला आजही आठवतात.  काकांनी फाइलला दोरी बांधली, कपाटात ठेवली आणि पॅसेंजरची वेळ झाली म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आले आणि माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

शेवटी मी दोन्ही वाटा अंगदपुढे मांडल्या. पहिल्या वाटेने सुटायची शक्यता जास्त आहे, हेही सांगितलं. त्याने विचारलं, त्या वाटेने सुटलो तर कोर्ट काय म्हणेल? मी म्हटलं, गुन्हा शाबित झाला नाही, संशयाचा फायदा दिला, असं म्हणेल. तो म्हणाला, "म्हंजे मीच मारलं, पण सापडलो न्हाई, असंच गाव धरणार. मला त्याच बांधाला राहायचंय, मॅडम. खरं व्हतं ते सांगा." मी उषाबाईलाही विचारलं. ती म्हणाली, तो म्हणतो तसं करा.

मग काका कामाला लागले. दोषारोपपत्रासोबतच्या फोटोंच्या झेरॉक्स इतक्या काळ्या होत्या की त्यांत विहीर कुठे आणि माणूस कुठे ते कळत नव्हतं. काकांनी रंगीत प्रतींसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला तर दुसरा केला. तिसऱ्या अर्जावर प्रती मिळाल्या. तिसऱ्या फोटोत इंजिन स्पष्ट होतं, आणि प्रेतापासून चार-पाच फुटांवर हरभऱ्यात पडलेलं हँडल. घटनास्थळाच्या पंचनाम्यातही 'एक लोखंडी हँडल' अशी नोंद होती. पण ते जप्त केलं नव्हतं.

खटला उभा राहिला तेव्हा साक्षीला पहिल्यांदा आल्या तातेरावांच्या पत्नी, जयवंताबाई. त्यांनी भांडणाचं आणि धमकीचं सगळं सांगितलं. अंगदकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. उलटतपासाला उभी राहण्याआधी काका माझ्या कानाशी वाकून म्हणाले, भांडणाचं काही विचारू नका, ते खरंच आहे. घरातलं विचारल्यासारखं विचारा.

मी विचारलं, विहिरीवरचं इंजिन कोण चालू करायचं?

"मालकच करायचे. दुसऱ्याला हात लावू देत न्हवते."

का, म्हणून विचारलं.

"हँडल धोक्याचं व्हतं. दोन दिवस आधी त्यांच्या नडगीला लागलं व्हतं. मी म्हणले, सोडा आता, डीपी येऊ द्या. तर म्हणले, हरभरा वाळंल."

 साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्यांदाच मान वळवून अंगदकडे पाहिलं. मी आणखी काही विचारलं नाही. सरकारी वकिलांनी फेरतपासणी घेतली नाही.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर मनीषा यांची साक्ष दोन महिन्यांनी झाली. पूर्वी त्यांना मोडण्यासाठी मी साठेक प्रश्न लिहून ठेवले होते. त्या दिवशी हातात नऊच होते. आणि काकांच्या कापडी पिशवीत तसल्याच इंजिनचं हँडल होतं, बदनापूरच्या एका मिस्त्रीकडून मागून आणलेलं. सकाळी पॅसेंजरमध्ये ते मांडीवर घेऊन बसले होते. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशसाहेबांनी दोन मिनिटं विचार केला आणि फक्त नमुना म्हणून दाखवायची परवानगी दिली.

मी डॉक्टरांना आधी कुऱ्हाड पाहायला सांगितली. तुंबा चौकोनी आहे का? हो. त्यावर वंगण आहे का? नाही. मग फोटो दाखवला, मग हँडल. त्यांनी पट्टी मागितली आणि हँडलचं टोक स्वतः मोजलं. गोल होतं, तीन सेंटीमीटरला थोडं कमी.

"कुऱ्हाडीने होऊ शकते असं मी लिहिलं, कारण मला फक्त कुऱ्हाडीबद्दल विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "ही जखम या वस्तूशी जास्त जुळते. तेलकट पदार्थाचाही अर्थ लागतो. हे मला आधी कुणी विचारलं नाही."

शर्टावरचे डाग कसे पडले असतील, असंही मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, तो माझा विषय नाही, मी सांगू शकत नाही. मी थांबले. जी बाई माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणते, तिचं बाकीचं बोलणं साहेबांना पटणार, हे मला त्यांच्या लिहिण्याच्या वेगावरून कळत होतं.

तपास अधिकाऱ्यांनी कबूल केलं की हँडल पाहिलं होतं, महत्त्वाचं वाटलं नाही. मग अंगदचा जबाब झाला. शर्ट तुमचा का? हो, माझा. त्यावरचं रक्त कुणाचं? तातेरावकाकांचं. कोर्टात असं उत्तर क्वचितच ऐकू येतं. मागच्या बाकावरचे दोन वकील बोलायचे थांबले. अंगदने सगळं सांगितलं, पळून गेल्याचंही, आणि ते चुकलं असंही म्हणाला. शर्टाच्या मोहोरेबद्दल मी युक्तिवादात एक शब्द काढला नाही. 

२०१८च्या डिसेंबरात निकाल लागला. साहेबांनी लिहिलं की आरोपीचा खुलासा स्वाभाविक आहे, वैद्यकीय पुराव्याशी जुळतो, आणि मृत्यू अपघाताने झाल्याची शक्यता जास्त दिसते. अंगद दोन वर्षांनी बाहेर आला. उषाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य म्हणाली ते, किती वाळलास. मी काकांना शोधलं तर ते निकालाच्या नकलेचा अर्ज भरत होते. एक नाही, दोन नकलांचा. दुसरी कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, त्या बाईला कुणी सांगितलंय का, तिचा नवरा कसा मेला ते?

नकला मिळायला पंधरा दिवस गेले. मग एका रविवारी मी गाडी काढली आणि आम्ही दोघं त्या गावाला गेलो. जयवंताबाई अंगणात तूर झोडपत होत्या. आम्हाला ओळखलं. "तुम्ही अंगदचे वकील ना?" एवढंच म्हणाल्या, पण हाकललं नाही. काका म्हणाले, हो, त्याचेच. पण हा कागद तुमच्याबी हक्काचा हाय.

बूट बाहेर काढून काका ओसरीत मांडी घालून बसले आणि निकाल वाचू लागले. इंग्रजी ओळ मनात वाचायचे आणि तोंडाने तिथल्या बोलीत सांगायचे. बेचाळीस पानं. मध्ये दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या, त्यांना जयवंताबाईंनी हातानेच बसा म्हटलं. डॉक्टरांचा भाग आला तेव्हा त्यांनी विचारलं, लई वेळ त्रास झाला का त्यांना? काकांनी चार पानं मागे जाऊन शोधलं आणि सांगितलं, शुद्ध लगेच गेली असंल, असं डॉक्टरीणबाई म्हणल्यात.

पुढे अंगदचा जबाब होता. त्याने डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीने पाणी लावलं, ते वाचलं तेव्हा त्या पुढे सरकल्या.

"तोंडात गेलं का पाणी?" त्यांनी विचारलं.

काकांनी कागदावरून नजर काढली. "ते कागदात न्हाई, बाई," ते म्हणाले.

जयवंताबाईंनी मान हलवली. डोळ्याला पदर लावला, पुन्हा नीट बसल्या आणि राहिलेलं वाचा म्हणाल्या. वाचून संपल्यावर त्यांनी नक्कल कपाळाला लावून आत नेऊन ठेवली आणि आमच्यासाठी चहा टाकला. आम्ही निघालो तेव्हा वेशीत अंगद उभा होता. आम्ही त्या घरी गेल्याचं त्याला कळलं होतं. काकांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते मी विचारलं नाही. पण आठवड्याने उषाबाईचा फोन आला. अंगद जयवंताबाईंकडे जाऊन आला होता. एकटाच गेला, अर्ध्या तासाने आला.

ती दोन घरं एकमेकांकडे अजून जेवायला जात नाहीत. पण त्या उन्हाळ्यात सरकारी मोजणी झाली, बांधावर दगड रोवले गेले आणि दोघांनी सह्या केल्या. जयवंताबाईंनी इंजिन भंगारात घातलं. डीपी अजूनही जळतो. जळला की अंगदच्या सोलर पंपाचा पाइप बांध ओलांडून पलीकडे जातो, असं उषाबाईने एकदा सांगितलं.

लॉकडाउननंतर कोर्टाचं सगळं ऑनलाइन होत गेलं. अर्ज मोबाइलवर, तारखा मोबाइलवर. लिंबाखालचे टाइपरायटर एकेक करत उठले. कँटीनवाल्याने पोराकडे पुण्याला जाऊन बस्तान बसवलं. काकांना मोतीबिंदू झाला होता. एके दिवशी म्हणाले, ताई, आता मी उगंच येऊन राह्यलो. मी नाही म्हटलं. पुढचे तीन महिने ते माझ्या शब्दाखातर येत राहिले. मग दिवाळीच्या सुट्टीला गेले ते परत आलेच नाहीत. मीही बोलावलं नाही. त्यांची खुर्ची काही दिवस रिकामी ठेवली होती, नंतर तिच्यावर प्रिंटर आला.

मागच्या महिन्यात संभाजीनगरहून परत येताना बदनापूरला गाडी वळवली. काका घरापुढे बाजेवर बसून कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची नावं वाचून दाखवत होते. गावातले लोक कागद घेऊन त्यांच्याकडे येतात, काकू म्हणाल्या, दुपारचं झोपूसुद्धा देत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालंय. घरामागे मोसंबीची दहा झाडं लावली आहेत, ती त्यांनी मला एकेक करून दाखवली. अण्णासाहेबांचा विषय निघाला. अण्णासाहेब चिडले की चष्मा काढून कोटाच्या बाहीने पुसत बसायचे, ते काकांनी करून दाखवलं आणि आम्ही दोघंही पुष्कळ हसलो. डॉक्टर मनीषा आता कुठे असतात, म्हणून त्यांनी विचारलं. लातूरकडे बदली झाल्याचं मी ऐकलं होतं, ते सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, आता फाइली कोण उचलतं? मी म्हटलं, कुणी नाही काका, सगळं फोनमध्येच असतं. त्यांनी माझा फोन हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं की एका केसचे किती कागद मावतात याच्यात. मी त्यांना एक दोषारोपपत्र उघडून दाखवलं, बोटांनी मोठं कसं करायचं ते शिकवलं. काकांनी चष्मा वर सरकवला, फोन उन्हातून सावलीत धरला आणि वाचू लागले. काकूंनी चहा आणून ठेवला. मी दोनदा म्हटलं, काका, चहा. त्यांनी बोट काचेवर तसंच ठेवून, थांबा जरा, अशी मान हलवली.